घेतलेलं नाव

नीला केळुसकरला एकच उखाणा येत असे. लग्नात मामीने पाठ करून घेतलेला, महादेवाला बेलाचं पान वाहण्याचा. इतकी वर्षं दर संक्रांतीला सोसायटीच्या हळदीकुंकवात ती तोच घेत आली होती आणि कोणाची काही तक्रार नव्हती. त्या वर्षी मात्र तिच्या आधी पाळी आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने नेमका तोच उखाणा घेतला.

नीला कॉलेजमधून थेट गच्चीवर आली होती. डोंबिवलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. दिवसभर ब्युरेटच्या नळ्या भरून बोटांवर परमँगनेटचे तपकिरी डाग पडले होते, आणि वाणाची वाटी घेताना ती ते पदराआड लपवत होती.

"चला नीला, नाव घे," तळमजल्यावरच्या सुमतीकाकू म्हणाल्या. हळदीकुंकवाच्या मालकीण त्याच.

"माझा झाला की आत्ताच. तोच चालेल का परत?"

"अजिबात नाही! रिपीट नाही चालणार," समोरून संचिता म्हणाली. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, तिशीची, हातात कायम फोन. आत्ताही तो नीलाच्या चेहऱ्यासमोर धरलेला होता. "काकू, नवीन पायजे. फ्रेश!"

"अगं, मला नाही सुचत."

"विश्रामरावांचं नाव इतकं सोपं आहे, आणि म्हणे सुचत नाही," सुमतीकाकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं नाव पुरुषोत्तम. मी काय करायचं?"

बायका हसल्या. आणि त्या हसण्याच्या आधाराने नीलाच्या तोंडून निघून गेलं,

"घरात काम, कॉलेजात काम, नुसतं काम काम,
एकच माणूस निवांत घरी, त्यांचं नावच विश्राम!"

गच्चीवर असा हशा उठला की सुमतीकाकूंच्या हातातलं तबक कलंडलं. कोणीतरी शिट्टी वाजवली. नीलाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आपल्या एका वाक्यावर तीसेक माणसं पोट धरून हसतात तेव्हा अंगातून काय जातं. तीही हसली. पदराआडचा हात बाहेर आला होता हे तिच्या लक्षातही आलं नाही.

गच्चीवर नीलाखेरीज एकीलाही ठाऊक नव्हतं, की विश्राम घरी निवांत नव्हता. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात तो तीस वर्षं होता, आधी केमिस्ट आणि मग शिफ्ट इन्चार्ज, तो कारखाना मालकाने गणपतीनंतर बंद करून गुजरातेत हलवला होता. सोसायटीत त्याने सांगितलं होतं, स्वेच्छानिवृत्ती घेतली. ते शब्द उच्चारताना तो कॉलर नीट करायचा. तेव्हापासून घरातली भाजी तो चिरत होता, कुकर तो लावत होता आणि धुतलेले कपडे तो घड्या घालून ठेवत होता, प्रयोगशाळेतल्यासारखे ओळीने. त्या संध्याकाळीही नीला गच्चीवरून खाली आली तेव्हा आमटीला फोडणी बसलेली होती.

म्हणजे उखाणा खराही नव्हता. पण उखाण्यातलं खरंखोटं तपासायची आपल्यात पद्धत नाही. यमक जुळलं की झालं.

तिने त्याला जेवताना सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही. विश्रामने घास चावून गिळला आणि म्हणाला, "यमक चांगलं जमलंय. 'नुसतं काम काम'मध्ये एक मात्रा कमी पडते, पण चालीत निघून जाईल."

"राग नाही ना आला?"

"छे. हळदीकुंकवातलं ते. गच्चीवरचं गच्चीवर."

गच्चीवरचं गच्चीवर राहिलं नाही. संचिताने तो व्हिडिओ रात्री टाकला, मागे ढोलकीचा ठेका जोडून. सकाळी नीला कॉलेजला जायला निघाली तेव्हा वॉचमनने सांगितलं, "मॅडम, तुमचा आमच्या गावच्या ग्रुपवर आलाय." त्याचं गाव लातूरकडे होतं.

पुढच्या आठवड्यात तो सगळीकडे होता. लहान मुली नीलासारखी साडी नेसून तो म्हणत होत्या. एका पोलिसाने गणवेशात म्हटला. कोणी 'विश्राम'च्या जागी कवायतीचा आवाज घातला आणि पायांची अदलाबदल करणारे शाळकरी पोरगे दाखवले. फडके रोडवर फुलवाल्या बाईने नीलाचा हात धरला आणि गजऱ्याचे पैसे घेईना. प्राचार्य तिला इतकी वर्षं 'लॅबवाल्या बाई' म्हणत. आता स्टाफरूममध्ये सर्वांसमोर म्हणाले, "आमच्या नीलाताई!" परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी प्रयोगाच्या टेबलाशी तिच्यासोबत फोटो काढून घेतला. मुलांच्या टायट्रेशनमध्ये तोवर थेंब जास्त पडले.

मग बोलावणी सुरू झाली. कल्याणला एका नगरसेविकेचं हळदीकुंकू. ठाण्याला साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन. दरवेळी शाल, श्रीफळ, कधी पैठणी, आणि शेवटी तो उखाणा. नीला सुरुवातीला अवघडून उभी राहायची. मग तिला कळलं, की 'घरी' या शब्दावर थोडं थांबलं तर हशा दुप्पट येतो. तिसऱ्या कार्यक्रमाला ती थांबली, आणि आला. परतताना रिक्षात ती एकटीच हसत होती. हे सुख तिला माहीत नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, ते तिला फार आवडलं होतं. पन्नाशी उलटेपर्यंत लोकांनी तिच्याकडे पाहिलं ते बहुधा तिच्या मागच्या कपाटातली बाटली मागण्यासाठी. पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, माझ्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी, ही माझी आई!" मग जरा थांबून, "बाबा ठीक आहेत ना गं?"

"त्यांना काय झालंय?" नीला म्हणाली.

काय झालंय ते तिला हळूहळू दिसायला लागलं. आधी विश्राम संध्याकाळचं फिरायला जायचा बंद झाला. मग भाजी दुपारी आणायला लागला, बाजारात गर्दी नसते म्हणून. एकदा दोघं रिक्षात बसत असताना कोपऱ्यावरच्या पोरांतला एक ओरडला, "काका, सावधान!" आणि बाकीच्यांनी एका सुरात जोडलं, "विश्राम!" विश्राम हसला. त्याचं ते हसणं नीलाने नीट पाहिलं. ओठ हलले होते, बाकीचा चेहरा जिथल्या तिथे होता.

मार्चमध्ये त्याला वागळे इस्टेटमधून बोलावणं आलं. रंगाचा छोटा कारखाना, क्वालिटी कंट्रोलला अनुभवी माणूस हवा होता. इतक्या महिन्यांनी आलेलं हे पहिलं बोलावणं. विश्रामने सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावली, बुटांना पॉलिश केलं. नीलाने त्या दिवशी रजा टाकली आणि उगीचच घर आवरत बसली.

तो दुपारी परतला. बूट काढून जागेवर ठेवले, पाणी प्यायला, आणि मग खुर्चीत बसून सांगू लागला, एखाद्या बॅचचा रिपोर्ट द्यावा तसं.

"माणूस चांगला होता. माझ्याहून लहान. कागद बघितले, दोन प्रश्न विचारले, बरोबर विचारले. मग नाव बघून म्हणाला, तुम्ही डोंबिवलीचे? म्हटलं हो. म्हणाला, विश्राम म्हणजे ते विश्राम?"

"मग?"

"खोटं कसं सांगू? म्हटलं, हो, तोच. मग त्याने अकाउंट्समधल्या दोन मुलींना बोलावलं. पॅकिंगमधलीही चारपाच माणसं आली. फोटो काढला. एक मुलगी म्हणाली, सर, बसून काढू या ना, तुम्ही बसलेलेच छान." तो ग्लासाच्या तळाशी बघत होता. "चहा दिला. बिस्किटंही होती."

"आणि नोकरीचं?"

"कळवतो म्हणाले."

"हे त्यांनी करायला नको होतं," नीला म्हणाली.

"त्यांचं काही चुकलं नाही गं. मी जरी त्या खुर्चीत असतो तरी विचार केला असता. उद्या हा माणूस शॉपफ्लोअरवर जाऊन सांगणार, बॅच थांबवा, आणि कामगार त्याच्याकडे बघून हसणार. इन्चार्जच्या आवाजाला वजन लागतं." मग तो उठला आणि फोल्डर कपाटात, जिथून काढला होता तिथेच, ठेवून आला.

पुढच्या अर्जांवर त्याने नुसतं 'व्ही. केळुसकर' लिहायला सुरुवात केली.

प्रयोगशाळेत नीला मुलांना दरवर्षी सांगत असे, की शेवटच्या टप्प्यात थेंब थेंब सोडा. एक थेंब जास्त पडला की फ्लास्क गुलाबी होतो, आणि मग कितीही हलवा, तो रंग परत जात नाही. मुलं विचारायची, "बाई, थोडं पाणी घातलं तर?" पाण्याने रंग फिका होतो, पण चूक तेवढीच राहते. आता ते वाक्य बोलता बोलता ती थांबायची. तो थेंब तिच्या बोटांतून सुटला होता का तिने सोडला होता, हे तिचं तिलाच नक्की सांगता येत नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी घाईत कॉलेजला निघताना तिने दारातून मागे वळून पाहिलं होतं. विश्राम पेपर उघडून बसला होता, आणि एक क्षण तिच्या मनात काहीतरी आलं होतं. एकच क्षण. पण आलं होतं.

ती संचिताकडे गेली.

"अगं, तो व्हिडिओ काढून टाक ना."

"काकू! दहा लाखांच्या वर गेलाय तो. का पण?"

नीलाने कारण सांगितलं, सगळं नाही, निम्मं. संचिताचा चेहरा पडला. मुलगी मनाने वाईट नव्हती. "सॉरी काकू. मला खरंच माहीत नव्हतं, काकांचं असं झालेलं." तिने तिथल्या तिथे फोन काढून तो पुसून टाकला आणि पुसलेला दाखवला. "पण खरं सांगू? माझ्याकडून गेला, एवढंच. बाकीच्यांनी उचललेलाय ना. तो आता माझा कुठे राहिलाय?"

नीलाला वाटलं, जे बोलून बिघडलं ते बोलूनच दुरुस्त होईल. एप्रिलमध्ये ठाण्याला एका मैदानावर महिला महोत्सव होता, मोठा, टीव्हीवाले येणारे. तिने बोलावणं स्वीकारलं आणि विश्रामला काही न सांगता नवा उखाणा तयार केला. चार दिवस, भांडी घासताना, ब्युरेट धुताना, मात्रा मोजून.

स्टेजवर दिवे इतके प्रखर होते की समोरची माणसं दिसतच नव्हती, नुसता आवाज यायचा. निवेदक गुरुदत्त नावाचा होता, झगमगीत जाकीट, आवाज गोड. त्याने तिला पुढे घेतलं. "आणि आता, जिची आपण सगळे वाट बघतोय! नीलाताई, घ्या नाव!"

नीलाने माईक दोन्ही हातांनी धरला.

"तीस वर्षं उभ्याने केलं रात्रपाळीचं काम,
घर ज्यांच्या घामावर उभं, ते माझे विश्राम."

टाळ्या पडल्या. सभ्य टाळ्या, भाषणानंतर पडतात तशा. नीलाने पुढचं वाक्य जमवून ठेवलं होतं, 'माझे यजमान केमिस्ट आहेत आणि त्यांच्यासारखा कामाचा माणूस मी पाहिला नाही.' तिने तोंड उघडलं तोवर गुरुदत्तने माईकवर हात ठेवला होता.

"ताई, रडवलंत हो! हा तर सेंटी उखाणा झाला. पण ठाणेकरांनो, आपल्याला कोणता पायजे?" अंधारातून गलका उठला. "कोणता? मग ताईंना मदत करू या! एक, दोन, तीन..."

आणि अख्खं मैदान एका आवाजात म्हणू लागलं. घरात काम, कॉलेजात काम. हजारो बायका. 'घरी'वर सगळ्याजणी बरोबर थांबल्या, नीला थांबायची तेवढंच. मग ते नाव आलं, लाटेसारखं, आणि स्टेजची फळी पायाखाली थरथरली.

नीलाला खाली उतरल्यावर आठवलं, की शेवटच्या ओळीला तिचेही ओठ हलत होते.

घरी आली तेव्हा टीव्ही चालू होता आणि बंदही होता, म्हणजे आवाज काढलेला होता. विश्राम म्हणाला, "बघितलं मी. नवा चांगला होता. रात्रपाळी आलटून पालटून असायची, पण ते उखाण्यात कुठे बसवणार."

"मला बोलू दिलं नाही हो."

"दिसलं. हात ठेवला त्याने. जेवायला घेऊ?"

मे लागला आणि एकदम थांबलं. थांबलं म्हणजे कोणी बंद केलं असं नाही, फोन यायचे कमी झाले, मग येईनासे झाले. कल्याणच्या भाजीबाजारातला एक म्हातारा कोथिंबिरीच्या जुडीशी भांडतो असा व्हिडिओ आला होता. "तू काल दहाची होतीस, आज तुला कोणी चढवलं?" असं तो त्या जुडीला विचारायचा. आता सगळे ते म्हणत होते. प्राचार्यांनीही म्हटलं. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर ते तिला म्हणाले, "अहो, त्या लॅबच्या चाव्या कुठे आहेत?" फुलवाल्या बाईने गजऱ्याचे पैसे मोजून घेतले.

नीलाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण बाजारातून जाताना कोणी आपल्याकडे निरखून पाहतंय का, हे ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची, आणि कोणी बघत नसलं की पावलं जरा हळू करायची. याची तिला लाज वाटे. लाज वाटली तरी ती पुन्हा बघायचीच.

आणि एक गोष्ट तिने हिशेबात धरली नव्हती. लोक तिला विसरले, तो उखाणा कोणाचा होता हे विसरले, पण नाव विसरले नाहीत. ते भाषेत जाऊन बसलं होतं. बँकेत कोणी कामचुकार दिसला की लोक म्हणत, "हा एक विश्राम बसलाय." नीलाने ते बसस्टॉपवर ऐकलं, दोन अनोळखी मुलांच्या तोंडून. त्यांना ना उखाणा आठवत होता, ना ती. त्यांच्या दृष्टीने तो नुसता एक शब्द होता, असतात तसा.

व्ही. केळुसकरांच्या अर्जांना उत्तरं येत नव्हती. कोणी फोन केलाच तर पहिला प्रश्न असायचा, "व्ही म्हणजे?"

जुलैच्या मध्यावर नीलाला एक फोन आला. घोडबंदर रोडवर गाद्या आणि आरामखुर्च्यांचं मोठं दुकान होतं. बोलणारा ऋतुराज, मालकाचा मुलगा. आवाजात गडबड होती.

"मॅडम, तुमचं ते उखाण्याचं होतं ना, लेजंड आहात तुम्ही! आमच्या डोक्यात एक आयडिया आलेली आहे. पण तुम्ही नाही. आम्हाला विश्राम सर पायजेत."

"ते कशाला?"

"गादीवर झोपायला! म्हणजे ॲड. उखाण्यातला विश्राम खरा कसा असतो ते कोणी बघितलंच नाही ना. तो आमच्या गादीवर पडलेला आहे आणि ह्यावेळी तो नाव घेतो, तुमचं! आणि फक्त ॲड नाही मॅडम, सरांना पाहिजे तर शोरूमला कायम ठेवतो आम्ही, फ्लोअर मॅनेजर. लोक बघायला येतील."

नीलाची कानशिलं तापली. "हे बघा, माझे यजमान केमिस्ट आहेत. तीस वर्षं..."

"त्याला विचार, कधी यायचं," मागून विश्राम म्हणाला. तो दारात उभा होता, हाताला पीठ लागलेलं. फोनमधला आवाज स्वयंपाकघरापर्यंत जात होता.

तिने फोनवर हात ठेवला. "अहो, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. नोकरी आहे." मग, जरा थांबून, "दुसरी कुठली आहे, सांग."

तिने फोनवरचा हात काढला आणि विचारलं, कधी यायचं.

शनिवारी ती दोघं बसने गेली. घोडबंदरला वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत होती. विश्राम खिडकीशी बसून नव्या टॉवर्सचे मजले बघत होता. शोरूममध्ये थंडगार एसी होता आणि पांढऱ्या गाद्यांच्या रांगा होत्या, हॉस्पिटलच्या वॉर्डसारख्या. ऋतुराजने वाकून नमस्कार केला.

"सर, ही आपली टॉप मॉडेल. पडून बघा ना."

विश्रामने बूट काढून बाजूला जोडून ठेवले. गादीचा कोपरा दाबून पाहिला. "फोमची डेन्सिटी किती हो?"

"बेस्ट आहे सर, एकदम बेस्ट."

विश्राम गादीवर आडवा झाला, हात दोन्ही बाजूंना सरळ, पाय जुळवलेले, नजर छताकडे. ईसीजी काढायला झोपवलेल्या माणसासारखा. ऋतुराजने फोनमधून पाहिलं आणि मान हलवली.

"सर, जरा आळशी दिसा ना."

"म्हणजे कसं?"

"अहो म्हणजे... लोळत पडल्यासारखं. बॉडी लूज. काहीच करायचं नाहीये तुम्हाला."

"काहीच करायचं नाही," विश्रामने त्याच्या मागून म्हटलं, आणि प्रामाणिकपणे प्रयत्न केला. एक गुडघा वर घेतला, मग खाली. डोक्याखाली हात घेतला, मग कुठला हात यावर अडखळला. बाजूच्या गादीवर बसून बघणारं एक तरुण जोडपं हसायला लागलं. नीला उशांच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिली आणि किमतीच्या चिठ्ठ्या वाचू लागली.

"येईल सर, प्रॅक्टिसने येईल," ऋतुराज म्हणाला. "पुढच्या रविवारी शूट. उखाणा आमचा रायटर देईल."

"तो मी करतो," विश्राम म्हणाला.

आठवडाभर त्याने तो कारखान्यातल्या ट्रायल बॅचसारखा घेतला. कुर्ता इस्त्री करून हँगरला लावला. केस कापून आला, आणि न्हाव्याला म्हणाला की मोकळे राहू दे, झोपून उठल्यासारखे. दुपारी बेडरूमचं दार लोटून घ्यायचा, आणि नीला घरी असली की तिला आतून पलंगाची करकर ऐकू यायची. तो नावाबद्दल काही बोलत नव्हता. एकदाच, भात वाढताना म्हणाला, "लोक हसणारच आहेत तर पगार घेऊन हसू देत." आणि वागळे इस्टेटच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याने दुसऱ्यांदा भात घेतला. ते बघून नीलाच्या मनातला विरोध गळून पडला. तिने सुमतीकाकूंनाही सांगून टाकलं, की ह्यांना ठाण्याला मॅनेजरची जागा मिळतेय.

शुक्रवारी ती कॉलेजमधून आली, पर्स ठेवते तोच फोन वाजला. ऋतुराज.

"मॅडम, तुम्ही म्हणजे आता घरच्यासारख्या, म्हणून स्पष्टच बोलतो. रविवारचं कॅन्सल करावं लागतंय."

"पुढे ढकललंत का?"

"नाही, म्हणजे... ते कोथिंबीरवाले आजोबा आहेत ना, ते मिळाले आम्हाला. पप्पा म्हणाले, उखाण्याचं जुनं झालं आता. सहा महिने म्हणजे खूप झाले ना मॅडम. शूटवाल्या नवीन पोरांना विचारलं, तर त्यांना माहीतच नाही विश्राम कोण. मग ॲड बघून कळणार कसं?"

"आणि ती जागा? फ्लोअर मॅनेजरची?"

"ती ह्याच्याशीच जोडलेली होती ना." तो खरोखर ओशाळला होता. "सरांना माझा नमस्कार सांगा. गादी घ्यायची असली तर डिस्काउंट देऊ आपण."

नीला ओट्याला टेकून उभी राहिली. 'त्यांना माहीतच नाही विश्राम कोण.' हेच तर तिने एप्रिलपासून मागितलं होतं, देवापाशी मागावं तसं. आणि हे असं, आज, मिळालं होतं. तिने फोन पालथा घातला. मग पुन्हा सुलटा केला, जणू त्यात दुसरं काही लिहून आलं असेल.

"नीला, आलीस का?" आतून हाक आली. "इकडे ये जरा. जमलंय बहुतेक."

ती दारात गेली. विश्राम पलंगावर पडला होता. डोक्याखाली एक हात, दुसरा पोटावर सैल, एक गुडघा वर, पायाचा अंगठा कुठल्याशा न ऐकू येणाऱ्या गाण्यावर हलतोय. डोळे अर्धे मिटलेले. रविवार दुपारच्या जेवणानंतरचा माणूस. इतका निवांत विश्राम तिने सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. रात्रपाळी करून आलेला असतानासुद्धा तो कुशीवर, एक कान फोनकडे ठेवून झोपायचा.

"ऐक. हसलीस तरी चालेल, हसायचंच आहे." त्याने घसा साफ केला.

"उभ्या उभ्या जन्म गेला, कोणी निवांतपणा दिला?
पाठ टेकायला गादी, आणि पाठीशी नीला!"

'पाठीशी'च्या आधी तो थांबला होता. अगदी बरोबर, जितकं थांबायला हवं तितकंच. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी आग्रह करूनही त्याने नुसतं तिचं नाव सांगून मान खाली घातली होती. आज पहिल्यांदाच त्याने ते यमकात घेतलं होतं, आणि मात्रा एकही कमी पडली नव्हती.

"कसं वाटतंय?"

"छान आहे," नीला म्हणाली. "फार छान आहे."

"'पाठीशी'वर जरा जोर देऊ? का सहज म्हणू?"

ती पलंगाच्या कडेला बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनकडे. त्याचा पायाचा अंगठा हलायचा थांबला.

"ऋतुराज होता?"

"हो."

"रविवार नाही?"

"नाही."

"मग पुढचा?"

तिने मान हलवली. "त्यांना दुसरं कोणीतरी मिळालं. तो कोथिंबीरवाला. म्हणाले, हे जुनं झालं आता. जागाही नाही."

विश्रामने नजर छताकडे वळवली. हात डोक्याखालीच होता, गुडघा तसाच वर. आळशी दिसण्यात कुठेच काही कमी नव्हतं. हँगरवरचा कुर्ता पंख्याच्या वाऱ्याने दाराच्या लाकडाला घासत होता.

"मग उठू का आता?" त्याने विचारलं.

थट्टा नव्हती त्यात. खरोखरच विचारत होता, ठरवून दिलेलं काम मध्येच थांबवताना इन्चार्जला विचारावं तसं. उठून तो काय करणार होता ते नीलाला माहीत होतं. कुकर लावणार, कपड्यांच्या घड्या घालणार, आणि ते झाल्यावर खुर्चीत बसणार.

"पडा जरा," ती म्हणाली.